कॅरोलीन बर्गवालच्या कविता कुणी वाचल्यात का? मला कायच कळंना झालंय

खानापूरकर_९९
नमस्कार मंडळी. एमए इंग्लिश करूलालोय, सेमिनारला मॅडमनी कॅरोलीन बर्गवाल दिलीय, आजची ब्रिटिश एक्सपेरिमेंटल कवयित्री म्हणे. तीन दिवस झालं पीडीएफ उघडून बसलोय. एक कविता काय तर जुना इटालियन कवी दान्ते, त्याच्या ‘इन्फर्नो’ (नरक) काव्याच्या सुरवातीच्या तीन ओळी, त्याचीच ४८ इंग्रजी भाषांतरं एकाखाली एक, बास. स्वतःची ओळ एक नाही. दुसरीकडं जुन्या इंग्रजीतली अक्षरं घुसडल्यात, मधेच फ्रेंच, मधेच नॉर्वेजियन. आईनं विचारलं काय वाचूलालास म्हणून, सांगता येईना. सांगा की कुणीतरी.

शहापूरचे_काका
चिकटवाचिकटवी आहे ही, दुसरं काय. उद्या मी गीतेच्या पहिल्या श्लोकाची मराठी भाषांतरं गोळा करतो, मला पण कवी म्हणा. आणि ब्रिटिश कसली, नेटवर बघितलं, जन्म १९६२, तो पण हॅम्बुर्गला, घरचे नॉर्वेजियन आणि फ्रेंच.

निपाणी_लोकल
काका, कराच की गोळा, खरंच सांगतोय. पहिल्या अक्षराच्या क्रमानं लावा आणि मोठ्यानं म्हणत जावा. तिनं तेच केलंय. त्या तीन ओळींत एक माणूस आयुष्याच्या मध्यावर अंधाऱ्या रानात वाट चुकलाय, आणि प्रत्येक भाषांतरवाला त्याला परत नव्यानं चुकवतो. विसाव्या वेळेला तुम्हाला पण वाट सापडत नसते.

आणि ब्रिटिश कसली म्हणाल तर राहते लंडनला, लिहिते इंग्रजीत. आम्ही कर्नाटकात राहून मराठीत भांडतोयच की.

खानापूरकर भावा, तू डोळ्यानं वाचूलालास, तिथं चुकतंय. तोंडानं वाच. तिचा सगळा खेळ घशाचा आहे. घसा धरला की इंग्रज म्हणतो घशात बेडूक, फ्रेंच म्हणतो घशात मांजर, त्या मांजरावर तिनं आख्खा निबंध लिहिलाय. आपला घसा बसतो, शेजारच्या कन्नड मावशींचा ‘गंटल कट्टैती’, म्हणजे बांधला जातो. घसा एकच, कुठं बसला, कुठं बांधला गेला.

खानापूरकर_९९
हे भारी आहे. पण सेमिनारला मांजर सांगून मार्क मिळतील काय 😅

निपाणी_लोकल
मग ‘से पार्स्ली’ घे. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये १९३७ ला हैतीच्या हजारो लोकांना मारलं, त्यावेळी म्हणे कोथिंबिरीसारख्या त्या पार्स्लीची जुडी दाखवून नाव विचारायचे, स्पॅनिश ‘पेरेहिल’ मधला र जिभेवर नीट फिरला नाही की माणूस गेला. तिनं त्यावर आवाजाचं काम केलंय.

आपल्याकडं तसलं काय नाही, देव करो आणि होऊ पण नको, पण बेळगाव स्टँडवर बसमध्ये चढल्यावर कंडक्टर कन्नडमधनं ‘एल्लिगे’, म्हणजे कुठं, म्हणला की माझ्या तोंडातनं आपोआप ‘निप्पाणी’ येतंय, दोन प. घरात फोन लावून सांगताना ‘निपाणीला निघालो’, एक प. हे मी कधी ठरवलं नाही, शाळेत असल्यापासनं होतंय, आणि तिचं ते वाचेपर्यंत ध्यानात पण आलं नव्हतं. तिकीट दोन्हीचं सारखंच म्हणा.

जमलं तर तिचं ‘ड्रिफ्ट’ पण बघ, २०१४ चं पुस्तक. २०११ ला लिबियाहून ७२ जण घेऊन निघालेली बोट १४ दिवस समुद्रात तरंगत राहिली, शेवटी ९ वाचले. ती हकिकत आणि जुन्या इंग्रजीतली एका खलाशाची कविता तिनं एकात एक घातलीय. वाट चुकते तिथं शब्दांतली अक्षरंच गळायला लागतात, शेवटी नुसतं ट ट ट उरतं. मोबाईलवर बघितलं तर पीडीएफ खराब झाली वाटेल, झालेली नाही.

शहापूरचे_काका
बोटीचं वाचलं. बरं, चिकटवाचिकटवी मागं घेतो, ‘ड्रिफ्ट’ पुरतीच. ४८ भाषांतरांबद्दल माझं मत तेच.

खानापूरकर_९९
काल रात्री दान्ते मोठ्यानं वाचला. दहाव्या भाषांतराला आज्जी आतनं म्हणाली, तेच तेच काय म्हणूलालास, कुणाचं पारायण लावलंयस. पण खरंच लय लागते राव. ठरलं, सेमिनार चालू व्हायच्या आधी वर्गात सगळ्यांना ‘निपाणी’ म्हणायला लावणार, अर्धा वर्ग कन्नड आहे. अजून अशी गावं सांगा.

निपाणी_लोकल
चिकोडी-चिक्कोडी घे.

शहापूरचे_काका
संकेश्वर नको घेऊस, ते दोन्हीकडं संकेश्वरच.