मदत हवी आहे: आईला बुरांस (हिमालयातलं लाल फुलांचं झाड, ऱ्होडोडेंड्रॉन) दाखवायचाय, उत्तराखंडात चोपता-तुंगनाथला एप्रिलमध्ये जाऊ की मे मध्ये?

नमस्कार मंडळी,

आई ६३ वर्षांची आहे, झाडाफुलांचं प्रचंड वेड. दरवर्षी शिमग्याच्या आसपास आम्ही दोघं ताम्हिणीत पळस-पांगारा बघायला जातो, ते आमचं ठरलेलंच आहे. मागच्या ऑक्टोबरात मी मित्रांबरोबर देवरिया ताल (तलाव) - चोपता - चंद्रशिला (तुंगनाथच्या वरचं शिखर) असा ट्रेक केला तेव्हा बुरांसची झाडं भरपूर दिसली पण फुलं कुठून असणार, पान उलटं केलं की खालून तांबूस चंदेरी आणि फांदीच्या टोकाला बोराएवढी घट्ट मिटलेली कळी, बस. सारी गावात मुक्काम केला तिथल्या काकूंनी बुरांसचं सरबत दिलं, लालभडक, आंबटगोड. एक बाटली घरी आणली, आईने चव घेतली आणि म्हणाली आता मला झाड फुललेलं बघायचंय. बाटली कधीच संपली, आई मात्र ते विसरलेली नाही.

आता अडचण अशी की चोपत्याच्या आसपास बुरांसचा भर साधारण एप्रिलमध्ये असतो म्हणतात आणि आईला तुंगनाथाचं दर्शनही हवंय, एवढ्या लांब जाऊन बंद दारासमोर हात जोडून परत यायला ती तयार नाही. कपाट (हिवाळ्यात बंद असलेलं मंदिराचं दार) उघडायची तारीख बैसाखीला जाहीर होते, २०२४ ला १० मे होती, २०२५ ला २ मे. म्हणजे तोवर थांबलो तर पुणे-दिल्ली आणि पुढे हरिद्वारचं तिकीट मिळायची बोंब आणि फुलंही गळून गेली तर काय. वरच्या उंचीवर फिकट गुलाबी बुरांस उशिरा फुलतो असं ऐकलंय, मे च्या पहिल्या आठवड्यात चोपता ते तुंगनाथ वाटेवर तो खरंच दिसतो का? कोणी त्याच दिवसांत गेलं असेल तर प्लीज सांगा, फोटो असतील तर अजून छान.

दुसरं म्हणजे तिचा गुडघा. पर्वती रोज चढते, दम लागत नाही, पण उतरताना डावा गुडघा दुखतो. चोपता ते तुंगनाथ साडेतीन किमी आहे, वाट फरसबंद आहे, पण मंदिर ३६८० मीटरवर आहे आणि पर्वतीचा सराव तिथे विरळ हवेत कितपत कामाला येईल ही मला खरी काळजी आहे. चंद्रशिला आम्ही करणारच नाही. आधी दोन रात्री सारीत राहून देवरिया ताल हळूहळू करायचा, मग चोपता, असं डोक्यात आहे. एवढी सवय पुरेल का? एप्रिलमध्ये गेलो तर वाटेवर बर्फ कितपत असतो, आणि कपाट उघडायच्या आधी घोडे मिळतात का, निदान उतरताना तरी?

एप्रिल म्हणा किंवा मे, पण प्रत्यक्ष बघितलेलं सांगा. मला येत्या रविवारपर्यंत तिकिटं काढायची आहेत.