फ्रान्सच्या आडवाटांवर सायकल: तुमचे अनुभव लिहा

मंडळी,

क्लेरमाँ-फेराँला येऊन मला सहा वर्षं झाली. पहिली दोन वर्षं सायकल फक्त ऑफिसला जायला वापरली. मग एका शनिवारी मिशलॅं (मिशेलिन) कंपनीचा कागदी नकाशा घेतला आणि सगळंच बदललं. या नकाशावर 1 सेंटिमीटर म्हणजे 2 किलोमीटर. लाल रस्ते मोठे, पिवळे मधले आणि पांढरे अगदी गावातले. आपले रस्ते पांढरे. रस्त्यावर बारीक बाणासारखी खूण दिसली की तिथे चढ आहे असं समजायचं. एक बाण म्हणजे 5 ते 9 टक्के, दोन म्हणजे 9 ते 13, तीन म्हणजे त्याहून जास्त. बाणाचं टोक चढाच्या दिशेला असतं. रस्त्याच्या कडेने हिरवी रेघ असली तर तो रस्ता देखणा आहे. आता फोनमध्ये सगळं असलं तरी रविवारचा बेत मी अजून टेबलावर नकाशा पसरूनच ठरवतो.

माझा सगळ्यात आवडता रस्ता कांतालमधला, सालेरहून पा द पेरोलला जाणारा. 1588 मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा थोडासाच कमी, आणि मासिफ सांत्राल या मध्य फ्रान्सच्या डोंगराळ भागातली सगळ्यात उंच डांबरी खिंड. बराच वेळ जंगलातून आरामात जाता येतं. शेवटचे दोनेक किलोमीटर मात्र 11-12 टक्क्यांचा चढ अंगावर येतो. दर किलोमीटरला सायकलवाल्यांसाठी पाटी असते: माथा किती लांब, उंची किती, पुढच्या किलोमीटरचा सरासरी चढ किती. शेवटच्या पाट्यांशी माझं काय बोलणं झालं ते माझ्यापाशीच राहू दे. वर पोचलो तेव्हा खाली दरीत सालेर जातीच्या तांबड्या-काळपट गाई चरत होत्या आणि त्यांच्या गळ्यातल्या घंटांचा आवाज वाऱ्याबरोबर वर येत होता. तासाभरात तीन गाड्या गेल्या होत्या. तिन्ही गाड्या वेग कमी करून, लांबून गेल्या. गावाबाहेर सायकलपासून दीड मीटर अंतर सोडायचं असा इथे कायदाच आहे, आणि खेड्यांतले लोक तो पाळतात असा माझा अनुभव आहे.

तूर द फ्रान्स या शर्यतीबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. हा धागा त्यासाठी नाही. ज्या रस्त्यावर तुम्ही, तुमची चेन आणि वारा एवढाच आवाज होता, त्या रस्त्याबद्दल लिहा. लहान लिहा, मोठं लिहा, पण लिहिते व्हा.

पुण्याहून

मी 2019 ला पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस ही लांब पल्ल्याची सायकल राइड केली. 1200 किलोमीटर, 90 तासांची मुदत. त्यासाठी त्याच वर्षी 200, 300, 400 आणि 600 किलोमीटरच्या बीआरएम, म्हणजे ठरावीक वेळेत संपवायच्या राइड, पूर्ण कराव्या लागतात. माझा सगळा सराव कात्रज, खंबाटकी आणि पसरणीवर झाला. त्यामुळे वाटलं होतं, वाटेतल्या ब्रिटनी प्रांतात 400 मीटरसुद्धा उंची नाही, तिथे काय मोठंसं असणार!

त्या टेकड्यांनीच मला दमवलं. आपल्या घाटात एकदा लय लागली की दहा किलोमीटर तीच लय राहते. तिथे लय लागतच नाही. दोन मिनिटं चढ, एक मिनिट उतार, पुन्हा चढ, असं सलग तीन दिवस. एकूण चढ 11 हजार मीटरच्या वर जातो. त्यात ब्रेस्तला जाताना समोरून वारा, आणि ऑगस्ट असूनही रात्री कडाक्याची थंडी. रस्त्याकडेच्या गवतात चंदेरी फॉइल गुंडाळून माणसं झोपलेली होती आणि पुढे गेलेल्या सायकलींच्या मागच्या लाल दिव्यांची रांग टेकडीवरून वर जाताना दिसत होती.

खरी गोष्ट गावांची. रात्री अडीच वाजता एका वस्तीवर घराबाहेर टेबल मांडलेलं, त्यावर मेणबत्ती, कॉफीचा थर्मास आणि केक. शेजारी एक आजी शाल पांघरून बसल्या होत्या. पैसे काढले तर त्यांनी माझा हात धरून खाली केला. "बों कुराज" (हिंमत ठेव) म्हणाल्या आणि पाण्याची बाटली भरून दिली. आणखी एका ठिकाणी क्रेप खायला घालतात आणि मोबदल्यात एकच मागणं असतं: घरी पोचल्यावर आपल्या गावाहून एक पोस्टकार्ड टाका. मी शनिवारवाड्याचं टाकलं. व्हिलेन-ला-ज्युएलला शाळकरी मुलं आमचे जेवणाचे ट्रे उचलून टेबलापर्यंत नेत होती. एका लहानग्याने माझ्या जर्सीवरचा तिरंगा बघून विचारलं, "लँद?", म्हणजे भारत का? मी हो म्हणालो, तर तो ट्रे ठेवून मित्रांना बोलवायला पळाला.

ही राइड 1891 पासून चालत आली आहे. त्या आजींच्या आजीनेही कदाचित असंच टेबल मांडलं असेल, असं मला त्या थंडीत वाटलं होतं. 88 तासांत पूर्ण केली. पदक कपाटात आहे. मला आठवतं ते टेबल.

लिमोझकर

नव्यांसाठी एकच उपयोगाची गोष्ट. पाणी संपलं तर गावातलं कब्रस्तान शोधा. फुलझाडांना पाणी घालायला तिथे बहुतेक ठिकाणी नळ असतो. "ओ नों पोताब्ल" असं लिहिलेलं असेल तर ते पिऊ नका. दुकानं दुपारी साडेबारा ते अडीच-तीन बंद, रविवारी दुपारनंतर बंद आणि सोमवारी बऱ्याच ठिकाणी बेकरीसुद्धा बंद. एका सोमवारी 70 किलोमीटर मी दोन केळ्यांवर काढले. तेव्हापासून मागच्या खिशात राजगिऱ्याचे लाडू आणि गूळ-दाणे ठेवल्याशिवाय घराबाहेर पडत नाही.

माँपेलियेहून

माझं माहेर साताऱ्याचं. इथे आल्यावर नवऱ्याने सायकलचं वेड लावलं आणि आता तो माझ्या मागे राहतो.

आम्ही सेव्हेनच्या डोंगरांत चार दिवस फिरलो. साँ-झाँ-द्यू-गारहून फ्लोराकपर्यंतचा रस्ता डोंगराच्या धारेवरून जातो. दोन्ही बाजूंना निळसर होत गेलेल्या डोंगररांगा. हा रस्ता अठराव्या शतकाच्या सुरुवातीला राजाच्या सैन्यासाठी नीट केला होता. इथल्या प्रोटेस्टंट डोंगरी लोकांनी, कामिझार म्हणतात त्यांना, 1702 साली चौदाव्या लुईविरुद्ध उठाव केला. मोजकी माणसं, ओळखीचे डोंगर, अचानक हल्ला आणि लगेच पसार. साताऱ्याच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. धारेवर सायकल थांबवून खालच्या घळी बघितल्या आणि तोफा ओढत येणाऱ्या फौजेची काय गत झाली असेल ते कळलं.

उतारांवर दगडी बांध घातलेली चेस्टनटची जुनी वावरं आहेत. इथल्या गरिबांचं पोट शतकानुशतकं चेस्टनटवर भरलं, म्हणून त्याला भाकरीचं झाडच म्हणायचे. आता बांध ढासळलेत, झाडं जुनाट झालीत, घरांना कुलपं आहेत. लोझेर हा फ्रान्समधला सगळ्यात कमी वस्तीचा जिल्हा. आम्ही ज्या शांततेचं कौतुक करत होतो ती माणसं निघून गेल्यामुळे आलेली आहे, हे तिथे पावलोपावली दिसतं.

एका गावात पाणी भरायला थांबलो. दहा-बारा घरं असतील. मधोमध पहिल्या महायुद्धात गेलेल्यांचा दगड. नावं मोजली, अठरा. त्यात एकच आडनाव चार वेळा. मला आमच्याकडचं अपशिंगे आठवलं. त्या एका गावातली 46 माणसं त्याच युद्धात गेली. मी दगडासमोर उभी राहिले, हेल्मेट काढलं. नवरा काही बोलला नाही, त्यानेही काढलं.

दुसऱ्या दिवशी माँ एग्वाल चढलो, 1567 मीटर. वर 1894 ची दगडी वेधशाळा आहे. हवा स्वच्छ असेल तर भूमध्य समुद्र दिसतो म्हणतात. आम्हाला धुकं दिसलं, दहा फुटांवरचं काही दिसेना. ओल्या हातमोज्यांनी ब्रेक धरत उतरलो, मेरुएसच्या कॅफेत गरम चॉकलेट प्यायलो आणि एकमेकांकडे बघून हसत बसलो.

नाशिकहून एक प्रश्न

मी पुढच्या जूनमध्ये जाणार आहे. शुद्ध शाकाहारी आहे. खेड्यांत खायचे हाल होतील का?

उत्तर, क्लेरमाँहून

दादा, हाल होत नाहीत, पण विचारून घ्या. ओब्राकच्या पठारावर आलिगो मिळतं. उकडलेला बटाटा, ताजं चीज आणि लसूण एकत्र घोटतात, लाकडी डाव वर उचलला की हातभर तार निघते. चढावरून आल्यावर त्यासारखं अन्न नाही. बरोबर सॉसेज देतात, ते नको म्हणून आधीच सांगा. त्रुफादही बटाटा आणि चीजचंच, पण त्यात बहुतेकदा डुकराची चरबी असते. पुईच्या हिरव्या मसुरीतही मांसाचे तुकडे घालायची पद्धत आहे. तुम्ही चीजमधलं रेनेट (दूध घट्ट करायला वापरतात ते, बहुतेकदा वासराच्या पोटातून काढलेलं) चालवत नसाल, तर मात्र पाव, फळं, भाज्या आणि घरचं सामान यावरच भर ठेवा.

ग्रनोबलहून

कुत्र्यांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. व्हेर्कोरमध्ये फों द्युर्लच्या माळावर जात होतो. वळण घेतलं आणि समोर मेंढ्यांचा कळप रस्ताभर. त्यातून पांढरं, दांडगं जनावर उठून उभं राहिलं. हे पातू, कळपाचं राखणदार कुत्रं. लांडग्यांपासून कळप राखायला त्याला पिल्लू असल्यापासून मेंढ्यांमध्येच वाढवतात. ते तुमच्याशी खेळायला येत नाही आणि उगाच चावायलाही येत नाही. तुम्ही कोण ते बघायला येतं. वेगाने निघून जायचा मोह झाला होता, पण पाटीवर लिहिलेलं आठवलं: उतरा, सायकल तुमच्या आणि त्याच्या मध्ये धरा, ओरडू नका, कळपाला वळसा घालून चालत जा. मी हळू आवाजात मराठीत बोलत राहिलो, "जातोय रे बाबा, जातोय." त्याने चाक हुंगलं, माझा हात हुंगला आणि वळून मेंढ्यांत जाऊन बसलं. पाय पुढचा अर्धा तास थरथरत होते.

परत येताना रूसेच्या खिंडीवरचा बोगदा लागतो. उत्तरेला गार, ओलं जंगल. बोगद्यातून दी गावाकडे उतरणाऱ्या बाजूला बाहेर पडलो की ऊन, कोरडा दगड आणि जंगली थाइमचा वास. आठशे मीटरसुद्धा नाही तो बोगदा, आणि पलीकडे ऋतूच वेगळा.

क्रझहून

उन्हाळ्यात "ग्राव्हियों" (बारीक खडी) अशी पाटी दिसली तर जीव मुठीत धरून नाही, पण ब्रेकवर हात ठेवून उतरा. रस्त्यावर डांबर शिंपडून बारीक खडी पसरतात आणि ती दाबायचं काम येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांवर सोडतात. मी पाटी वाचली होती, अर्थ माहीत नव्हता. वळणावर पुढचं चाक गेलं. कोपर आणि मांडी सोलून निघाली. एक शेतकरी बाई ट्रॅक्टर थांबवून आल्या, घरी नेलं, स्वयंपाकघरात बसवून चिमट्याने एकेक खडा काढला. मला फ्रेंच येत नव्हतं, त्यांना इंग्रजी येत नव्हतं. प्रत्येक खडा त्या बशीत टाकायच्या आणि मोठ्याने मोजायच्या. फ्रेंचमधले पहिले सतरा आकडे मी तिथे शिकले.

साँतेतियेनहून

माझे बाबा कोल्हापूरचे, वय 67. आयुष्यभर काळी, एका गियरची सायकल चालवली. गेल्या उन्हाळ्यात इथे आले तेव्हा त्यांना रेपुब्लिकच्या खिंडीवर नेलं. 1161 मीटर, 1903 च्या पहिल्या तूरमध्येही रायडर याच वाटेने गेले होते. वर व्हेलोसिओंचं स्मारक आहे. पोल द व्हिव्ही हे त्यांचं खरं नाव, 1853 चा जन्म, आमच्याच गावात राहून सायकलचं मासिक चालवायचे. साध्या माणसाला डोंगर चढता यावा म्हणून सायकलला गियर हवेत, हे त्यांनी आयुष्यभर सांगितलं. तूरमध्ये डिरेलर, म्हणजे चालत्या सायकलवर गियर बदलणारं यंत्र, वापरायला परवानगी मिळाली 1937 साली, ते जाऊन सात वर्षं झाल्यावर. भूक लागायच्या आधी खा, तहान लागायच्या आधी प्या, हाही त्यांचाच सल्ला.

बाबांना भाड्याची, 22 गियरची सायकल दिली. पहिले दोन किलोमीटर ते गियर बदलायलाच तयार नव्हते. मग एकदा हलका गियर टाकला, पाय फिरायला लागले आणि ते गप्प झाले. बारा किलोमीटरला दीड तास लागला. वर स्मारकापाशी त्यांना सगळं मराठीत सांगितलं. त्यांनी पाटीवरून हात फिरवला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "उतरताना तू पुढं जा. मी माझ्या मापानं येतो."