चर्कची सहल: किल्ल्याबरोबर फुटबॉलचं ग्राउंडपण बघूया का?

प्रेषक: सहल समिती
नमस्कार मंडळी, शनिवारच्या चर्क सहलीचा (वेल्समधलं, इंग्लंडच्या सीमेजवळचं खेडं) कार्यक्रम पक्का झालाय. सकाळी किल्ला, मग डबे खायचे, दुपारी टेलफर्ड आणि जेसप या इंजिनिअरांनी बांधलेला १८०१ चा कालव्याचा पूल. संध्याकाळी साडेपाचला बस परत निघेल. अजून काही बघायचं असेल तर आजच कळवा, उद्या बसवाल्याला फायनल सांगायचंय.

प्रेषक: चेस्टरवाले काका
समितीला नमस्कार. माझी एक मनापासून विनंती आहे, चर्कला जातोच आहोत तर हॉलीहेड रोडवरच्या फुटबॉल ग्राउंडवर अर्धा तास थांबूया. चर्क एएए म्हणजे तिथला हौशी क्लब, स्थापना १८७६. त्याच वर्षी फेब्रुवारीत रेक्समच्या विनस्टे आर्म्स हॉटेलात वेल्सच्या फुटबॉल असोसिएशनची सुरुवात झाली, रुआबनचे वकील लुएलिन केनरिक त्यात पुढे होते, आणि मार्चमध्ये वेल्सची टीम ग्लासगोला जाऊन पहिली इंटरनॅशनल मॅच खेळली, स्कॉटलंडकडून ४-० ने हरली पण खेळली. हे सगळं या दहा-पंधरा मैलांच्या कोळशाच्या पट्ट्यात घडत होतं हो, राजधानी कार्डिफला नाही. मी इतकी वर्षं चेस्टरला राहतोय, आणि हे मला गेल्या हिवाळ्यात वाचायला लागल्यावर कळलं.

आणि चर्कचं म्हणाल तर वेल्श कप, म्हणजे वेल्सची फुटबॉल कप स्पर्धा, पाच वेळा जिंकले: १८८७, १८८८, १८९०, १८९२ आणि १८९४. आठ सीझनमध्ये पाच! पहिल्यांदा जिंकले ते चेशायरच्या डेव्हनमला हरवून, म्हणजे सीमेपलीकडचे इंग्लिश क्लबसुद्धा या कपात खेळायचे आणि खाणकामगारांची ही टीम त्यांना पुरून उरायची. खेळाडू आठवडाभर खाणीत आणि शनिवारी मैदानात. आपण किल्ल्यातल्या उमरावांची चित्रं बघणार, मग या माणसांसाठी अर्धा तास नको का काढायला?

प्रेषक: सहल समिती
काका, बघतो कसं बसवता येतंय ते. पण एक विचारू का, इतका भारी क्लब होता तर आता कुठे आहे? बाकीचे विचारतील म्हणून आधीच विचारून ठेवतो.

प्रेषक: रेक्सममधली ताई
याचं उत्तर मी देते, काका रागावू नका, कारण मुलाच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी मी यातच बुडाले होते. चर्क हरलं ते मैदानात नाही, पैशात हरलं. इंग्लंडने १८८५ मध्ये खेळाडूंना उघडपणे पगार द्यायला परवानगी दिली, १८८८ मध्ये फुटबॉल लीग सुरू झाली, आणि मग लँकशायर-मँचेस्टरचे क्लब सीमेवरची पोरं उचलायला लागले, हौशी क्लब त्यांना काय देणार?

सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे बिली मेरेडिथ. जन्म १८७४, चर्कजवळचाच. बाराव्या वर्षी शाळा सुटली आणि ब्लॅक पार्क खाणीत तट्टूंच्या मागे कामाला लागला. १८९३ ची वेल्श कप फायनल तो चर्ककडून रेक्समविरुद्ध हरला आणि पुढच्याच वर्षी त्याच क्लबबरोबर कप जिंकला. ऑक्टोबर १८९४ मध्ये मँचेस्टर सिटीने घेतला, पण आईला ते अजिबात पसंत नव्हतं, आणि गंमत बघा, सिटीकडून खेळायला लागला तरी खाणीतलं काम त्याने लगेच सोडलं नाही, प्रोफेशनल झाला तो जानेवारी १८९५ मध्ये. १८९४ नंतर चर्कला वेल्श कप परत कधी मिळाला नाही. मला तरी हे एकमेकांत गुंतलेलं वाटतं.

पण मंडळी, मेरेडिथचं नाव सगळे घेतात, त्याच्या मास्तरांचं कोणी घेत नाही. टी. ई. थॉमस, चर्कच्या शाळेतले शिक्षक. तेच पोरांना फुटबॉल शिकवायचे, आणि त्यांच्या हाताखालून वेल्सकडून खेळणारे कितीतरी खेळाडू निघाले. एवढ्याशा खेड्यातून इतके खेळाडू आले याचं कारण शोधायचं तर मी आधी त्या शाळेकडे बोट दाखवीन, खाणीकडे नंतर. माझा मुलगा अंडर-टेनमध्ये खेळतो, त्याचा कोच पण शाळेतलाच मास्तर, पावसात उभा राहून शिकवतो बिचारा, त्यामुळे हे मला जास्तच लागतं.

प्रेषक: चेस्टरवाले काका
ताई, रागावेन कशाला, डोळ्यात पाणी आणलंस. एवढंच जोडतो: १९०४ च्या एफए कप (इंग्लंडची कप स्पर्धा) फायनलचा एकमेव गोल याच मेरेडिथचा, सिटीकडून, कॅप्टन पण तोच. १९०७ मध्ये मँचेस्टरच्या इंपिरियल हॉटेलात खेळाडूंची युनियन उभी राहिली त्या बैठकीचं अध्यक्षपदही त्याच्याकडे. खाणीतून आलेल्याला एकजुटीचं महत्त्व कोणी वेगळं शिकवायला नको. वेल्सकडून ४८ मॅच, शेवटची १९२० मध्ये इंग्लंडविरुद्ध, वय ४५, आणि ती मॅच वेल्सने जिंकली! १९५८ मध्ये गेला तर मँचेस्टरच्या कबरीवर २००१ पर्यंत नावाचा दगडसुद्धा नव्हता. आणि ब्लॅक पार्क खाण तर १९४९ मध्येच बंद झाली.

क्लब मात्र अजून आहे, खालच्या लीगमध्ये का होईना, आहे. मला ते मैदान बघायचंय ते म्हणूनच, पुतळा-बितळा बघायला नाही.

प्रेषक: सहल समिती
ठरलं. डबे अर्धा तास लवकर उघडायचे, तीन वाजता हॉलीहेड रोड, चारला पूल. त्या दिवशी तिथे मॅच असेल तर पहिला हाफ बघू आणि पूल नंतर. ताई, मुलाचं प्रोजेक्ट घेऊन ये, बसमध्ये माइकवर त्यालाच सांगू दे. आणि मुलांनी बूट आणावेत, गवत ओलं असतं.