कन्व्हेयर पळवून गाड्या वाढतात का?

लाइन सुपरवायझर (धागाकर्ता):
आमच्याकडे शिफ्टला ९० गाड्या निघतात, वरून १०० मागितल्यात. चहा-जेवण वजा जाता ४५० मिनिटं हातात, म्हणजे टॅक्ट (दर गाडीमागे हातात असलेला वेळ) पाचावरून साडेचार मिनिटांवर आणायचा. हुकूम आला: कन्व्हेयरचा वेग वाढवा. मला हे अजिबात पटत नाही. काल डॅशबोर्डच्या स्टेशनवर दिवसभर उभा होतो. ऑपरेटर दर गाडीमागे चार वेळा रॅकपर्यंत जातो, खोक्यात हात घालून हार्नेसच्या (वायरींच्या जुडग्याच्या) क्लिपा चाचपतो. जवळजवळ एक मिनिट यातच जातं. आधी ते वाचवा.

इंडस्ट्रियल इंजिनिअर:
सहमत नाही. एका स्टेशनवरची पायपीट वाचली म्हणून लाइन वाढत नाही. सगळ्यात सावकाश स्टेशन देईल तेवढ्याच गाड्या. सगळीकडचा सायकल टाइम (स्टेशनला एका गाडीमागे लागणारा वेळ) मोजलात का? आणि वेगाला सरसकट नावं ठेवू नका. १९१३ मध्ये फोर्डने चालती लाइन आणली, तेव्हा मॉडेल टीच्या चासीची साडेबारा तासांची जोडणी दीड तासावर आली.

असेंब्ली ऑपरेटर:
ती पट्टा पळवल्यामुळे नाही आली हो! काम माणसापाशी आणलं, त्याचं फिरणं थांबवलं, म्हणून आली. आणि तरीही लोक इतके सोडून जात होते की १९१४ मध्ये रोज ५ डॉलर द्यायची पाळी आली. वेग वाढला की काय होतं ते आम्ही भोगतो. बोल्ट हाताने दोन आटे बसतो, टॉर्क रेंचचा 'कट्' (बोल्ट पुरेसा आवळल्याचा आवाज) येण्याआधीच गाडी पुढे जाते. मग ती रीवर्कला, म्हणजे दुरुस्तीला, उभी. टोयोटासारखी अँडनची दोरी द्या, अडचण आली की ओढून मदत बोलवायची.

इंडस्ट्रियल इंजिनिअर:
दर दोरीला लाइन थांबली तर ९० सुद्धा निघणार नाहीत.

असेंब्ली ऑपरेटर:
दोरी ओढल्याबरोबर लाइन थांबत नाही, आधी टीम लीडर धावून येतो. ठरलेल्या खुणेपर्यंत अडचण सुटली नाही तरच थांबते. आमच्याकडे लीडरच दोन स्टेशनं सांभाळतोय, तो येणार कधी?

लाइन सुपरवायझर:
आज मोजलं. डॅशबोर्ड ४ मिनिटं ५५ सेकंद, ब्रेक पाइप ४:४०, बाकी सगळी सव्वाचारच्या आत. ब्रेक पाइपचं मी धरलंच नव्हतं, तेवढं तुमचं खरं. तिथली दोन क्लॅम्पची कामं पुढच्या स्टेशनला देतो. डॅशबोर्डला गाडीगणिक किट ट्रॉली (त्या गाडीचे भाग आधीच भरून ठेवलेली) लावतो. वेगाला हात त्यानंतर.

इंडस्ट्रियल इंजिनिअर:
ट्रॉली भरायला माणूस लागेलच. लाइनवरची पायपीट स्टोअरमध्ये ढकललीत, तर तो वेळही हिशोबात धरा.