मदत हवी आहे : त्वचेतून झाडाच्या सालीत उतरणारे व्यक्तिचित्र

मी तैलरंगात एका वृद्ध स्त्रीचे अतिवास्तववादी व्यक्तिचित्र रंगवत आहे. चेहरा तिचाच राहतो, मात्र गळ्यापासून खाली त्वचेची हळूहळू झाडाची साल होत जाते. सुरकुत्या आणि सालीच्या भेगा एकाच दिशेने नेल्या असल्या, तरी त्वचेची उबदार गुलाबी छटा जिथे करड्या-तपकिरी रंगाला भिडते, तिथे जोड स्पष्ट दिसतो आणि साल गळ्याभोवती गुंडाळल्यासारखी वाटते.

इटालियन चित्रकार आर्चिम्बोल्दोने १५९१च्या सुमारास सम्राट दुसऱ्या रुडॉल्फचा चेहरा फळाफुलांतून रचला, पण त्यात प्रत्येक फळ वेगळे ओळखू येते. मला अभिप्रेत असलेला परिणाम मेक्सिकन चित्रकार फ्रिडा काहलोच्या १९४३च्या ‘रूट्स’ (मुळे) या चित्राला अधिक जवळचा आहे, तिथे देहातून वेल निघतात आणि पानांच्या लाल शिरा पानांची कड ओलांडून जमिनीकडे जातात. ते चित्र मला फार प्रिय आहे.

खालचा थर पूर्ण वाळला आहे. अशा वेळी त्वचा आणि साल या दोन्हींवर एकाच हिरवट रंगाचे पातळ, पारदर्शक थर चढवावेत, की तेवढा भाग नव्याने रंगवून ओल्या रंगातच कडा मिसळाव्यात? सालीच्या भेगांत त्वचेचा गुलाबी रंग थोडा झिरपू दिला, तर जोड विरघळेल का? अशा प्रकारचे काम केलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.