शंभरावं पुस्तक कुठलं घेऊ?

ए-२०३ : सोसायटीच्या ग्रुपवरच्या मंडळी, एक विचारायचं होतं. काल रात्री माझं ९९ वं पुस्तक वाचून झालं. थोरलीच्या बारावीच्या वहीत मागची पानं कोरी उरली होती, त्यात २०२० च्या लॉकडाऊनपासून नोंद ठेवतेय. पहिल्याच ओळीत ‘श्यामची आई’. त्यातला ‘श्या’ दोनदा खोडलाय, कारण सातवीनंतर लिहायची सवयच राहिली नव्हती. आता शंभरावं घ्यायचंय, पण ते असंतसं नको. सुचवा की.

बी-१०४ : वहिनी, लई भारी! अभिनंदन. ‘ययाति’ घ्या. मराठीला पहिलं ज्ञानपीठ त्यानंच मिळालं, १९७४ चं. आणि खांडेकर म्हणजे आपल्या कोल्हापूरचेच.

ए-४०१ : मान ‘मृत्युंजय’चा. सावंत आपल्या आजऱ्याचे.

ए-२०३ : काका, ते ४१ नंबरला झालंय. वृषालीचा भाग तर दोनदा वाचला. भावजी, ‘ययाति’ पण झालंय.

सी-३०२ : काकू, ज्ञानेश्वरी?

ए-२०३ : ती रोज थोडी थोडी वाचायची रे बाळा. नऊ हजार ओव्या नंबर घालून संपवायच्या नसतात.

बी-३०३ : ‘झोंबी’ वाचलंय का? आनंद यादव कागलचे. शाळेसाठी बापाशी झगडणारा पोरगा आहे त्यात. १९९० ला साहित्य अकादमी मिळालंय त्याला.

ए-२०३ : ताई, ते मी दोनदा हातात घेऊन परत ठेवलंय. आमचं गुऱ्हाळ होतं. सातवीची परीक्षा झाली आणि वडील म्हणाले, आता चुलवाणाला माणूस पाहिजे. बांधावरनं पोरी दप्तर घेऊन जायच्या. मी चुलवाणाच्या जाळात उसाची चिपाडं सारायची आणि त्या वळणाआड जाईपर्यंत बघत राहायची. हाताला धग लागली की मगच भान यायचं. वडलांवर राग नाही माझा, घरात खाणारी आठ तोंडं होती. पण त्या पुस्तकातला पोरगा हट्टानं शाळा शिकतो, हे ऐकून होते. ते वाचायचा धीरच होत नव्हता. आता ९९ वाचून झाल्यावर वाटतंय, होईल.

बी-३०३ : मग हेच घ्या वहिनी. दुसरं कुठलं बघूच नका. माझी प्रत आहे, संध्याकाळी वर या.

ए-२०३ : राग मानू नका ताई, पण हे एक करवीर नगर वाचन मंदिरातनंच आणते. १८५० पासूनचं वाचनालय आहे ते. लहानपणी वडलांबरोबर गूळ घेऊन बाजाराला आले की बाहेरनं पाटी वाचायची. हे पुस्तक तिथं माझ्या नावावर लागू दे.

बी-१०४ : वहिनी, उद्या मी गावात जाणारच आहे. गाडीवर सोडतो.

ए-२०३ : बरं भावजी. ११ ला खाली थांबते. वही पण घेऊन येते.