१५ इंची ओपन बॅफल सबवूफर: सपाट फळी, यू-फ्रेम की एच-फ्रेम?

तुरीचं_वावर
नमस्कार मंडळी. दोन १५ इंची ड्रायव्हर (नुसते स्पीकर, पेटीविना) हाताशी आहेत: ८ ओहम, एफएस (स्वतःचा अनुनाद) ३२ हर्ट्झ, क्यूटीएस (त्या अनुनादाला किती आवर आहे त्याचा आकडा; मोठा म्हणजे आवर कमी) ०.७, एक्समॅक्स (कोन एका बाजूला नीट हलू शकतो ते अंतर) ६ मिमी. खोली १२ बाय १८ फूट, वर टिनं. ऐकणं बहुतेक भजन आणि शास्त्रीय. डग्गा आणि पखवाजाचा घुमारा नीट यावा. १०० हर्ट्झच्या वरचं काम छोटे स्पीकर करतील. गावचा मिस्त्री काटकोनात काम चोख करतो, तिरके कट मात्र नको म्हणतो. बंद पेटी न करता मागून उघडेच, म्हणजे ओपन बॅफलवर बसवायचे आहेत. बॅफल (ड्रायव्हर बसवायची फळी) कोणता घ्यावा: सपाट फळी, यू-फ्रेम (फळी पुढच्या तोंडाशी, चौकट मागे उघडी) की एच-फ्रेम (फळी चौकटीच्या मधोमध, पुढे-मागे उघडी)?

खालचा_सा
भाऊ, एच-फ्रेमच करा. कोनच्या पुढची आणि मागची लाट उलट फेजमध्ये असते, एक दाबते तेव्हा दुसरी ओढते. कडेवरून वळून भेटल्या की एकमेकींना खातात. पुढून मागे जायची वाट जितकी आखूड, तितका बेस लवकर गळायला लागतो, दर ऑक्टेव्हला (हर्ट्झ निम्मे झाले की) ६ डेसिबलने. ४० सेंमी खोल एच-फ्रेममध्ये ही गळती साधारण १४० हर्ट्झपासून धरा. कोन तेवढाच हलला तरी बंद पेटीच्या मानाने ४० हर्ट्झला १०-११ डेसिबल आणि ३० ला १३ डेसिबल कमी मिळतात. सपाट फळीने हेच साधायला ती ८० सेंमी रुंद-उंच लागते आणि १५ इंचीच्या धक्क्याने स्वतःच थरथरते. यू-फ्रेममध्ये चौकटीची सगळी खोली मागच्या एकाच पोकळीला मिळते, म्हणून तिचा अनुनाद १६० हर्ट्झच्या आसपास उतरतो. तुमच्या १०० च्या क्रॉसओव्हरला (जिथे सबवूफर थांबून छोटे स्पीकर सुरू होतात) तो फार जवळ आहे. एच-फ्रेममध्ये दोन अर्ध्या पोकळ्या, म्हणून तोच २५०-२८० वर जातो. ऑक्टेव्हला २४ डेसिबलचा क्रॉसओव्हर त्याला सहज दाबतो.

माप: आतून ४१ × ४१ सेंमी, खोली ४० सेंमी, १८ मिमी प्लाय. दोन्ही फ्रेमचे मिळून ४० × ४४.६ चे ४ तुकडे (वर-खाली), ४० × ४१ चे ४ (बाजू), ४१ × ४१ चे ४ (बॅफल, दोन-दोन चिकटवून ३६ मिमी). हे सगळं ८ × ४ च्या एकाच शीटमध्ये बसतं: लांबीच्या दिशेने ४०, ४० आणि ४१ च्या तीन पट्ट्या पाडा. आतलं माप ४२ केलं की करवतीची जाडी धरून तिसरी पट्टी बसत नाही आणि दुसरं शीट घ्यावं लागतं. मिस्त्रीला हे आधी कागदावर काढून द्या.

प्लाय आयएस ७१० चाच (मरीन प्लाय). पार्टिकल बोर्ड पावसाळ्यात फुगतो, शिवाय उधई आहेच. ड्रायव्हर लाकडी स्क्रूने कसू नका, महिन्याभरात ढिले होतात. एम६ टी-नट (लाकडात मागून ठोकायचे दातेरी नट) बसवून बोल्टने कसा.

उलटा_चुंबक
वरचं सगळं बरोबर. एक गैरसमज मात्र नेहमी दिसतो, तो आधीच काढतो. दोन फ्रेम एकावर एक ठेवून एक ड्रायव्हर चुंबक पुढे करून बसवला आणि त्याच्या तारा उलटल्या, तर सम क्रमाचं डिस्टॉर्शन (कोनची पुढची आणि मागची हालचाल सारखी नसल्याने येणारा बिघाड) कमी होतं. फ्रेमला बसणारा धक्काही रद्द होतो असं लोक समजतात, पण तो तेवढाच राहतो, कारण दोन्ही कोन एकाच दिशेने सरकतात. धक्का रद्द करायला डब्ल्यू-फ्रेमच (दोन्ही ड्रायव्हर एकाच चौकटीत समोरासमोर) लागते, तिथे कोन एकमेकांविरुद्ध हलतात. तुमच्या मिस्त्रीसाठी ते काम जास्त आहे. दोन्ही फ्रेम बोल्टने एकत्र आवळा आणि खाली जाड रबर द्या. तारा उलटायच्या राहिल्या तर बेस जवळजवळ नाहीसा होतो. दीड व्होल्टच्या सेलने दोन्ही कोन एकाच बाजूला सरकतात का, ते आधी पाहा.

ईक्यू (कुठला सूर किती वाढवायचा ती जुळवणी): १४० पासून ४० पर्यंत खाली येताना दर ऑक्टेव्हला ६ डेसिबल वाढवा, आणि २७-२८ हर्ट्झला ऑक्टेव्हला २४ डेसिबलचा हाय-पास (त्याखालचं सगळं कापणारा फिल्टर) लावाच. आवाज तेवढाच ठेवून एक ऑक्टेव्ह खाली गेलं की कोनला आठपट हलावं लागतं, बंद पेटीत चौपट. ६ मिमी तिथेच संपतात. डग्ग्याला त्याखालचं काही लागतही नाही.

आणि हे वाचणाऱ्या इतरांसाठी: डीजेच्या पेटीतून काढलेले ड्रायव्हर यात लावू नका. क्यूटीएस ०.३-०.४, एफएस ४० च्या वर, हालचाल थोडी. ओपन बॅफलमध्ये ते कोरडे वाजतात.

टिनाखाली
मागच्या भिंतीपासून निदान १ मीटर सोडा. भिंतीला पाठ टेकवली की परत येणारी लाट थेट उलट पडते. बसायची जागा फ्रेमच्या समोर हवी; बाजूला ९० अंशांत जवळपास शून्य ऐकू येतं. तोच शून्याचा पट्टा वरही असतो, त्यामुळे बंद पेटीपेक्षा टिनं कमी खडखडतात. तरी टिनांचे ढिले स्क्रू आवळून घ्या.

तुरीचं_वावर
एच-फ्रेम ठरलं. वेचणीनंतर कापूस भाव येईपर्यंत याच घरात साठवतात आणि उन्हाळ्यात कूलर असतो. ड्रायव्हर उघडाच राहणार, चालेल का?

खालचा_सा
कापसाचा तंतू चुंबकामागच्या भोकातून आत ओढला जातो आणि कॉइलच्या फटीत बसला की खरखर सुरू होते. पुढे-मागे दोन्ही तोंडांना पातळ स्पीकर-कापड ताणून लावा, फुंकर आरपार गेली पाहिजे. कापड काढता येईल अशा चौकटीवर ठेवा, दर महिन्याला झटका. उंदरांसाठी त्याच चौकटीवर बाहेरून बारीक लोखंडी जाळी, टोकं घट्ट दाबून, नाहीतर तीच वाजेल. कूलरचा झोत फ्रेमवर थेट नको, कागदी कोन ओल धरून जड होतो.